स्वतःची वकिली

रात्री दिवा मालवला की माझ्या डोक्यात कोर्ट भरतं. दिवसभरात कुणी काहीतरी टोचून बोललेलं असतं, आपण केलेल्या कामाचं कौतुक दुसऱ्याच्याच पदरात पडलेलं असतं, नाहीतर घरातल्याच कुणीतरी ‘तुझं नेहमीचंच आहे’ म्हणून विषय मिटवलेला असतो. मग अंधारात मी माझी बाजू मांडायला उभी राहते. मुद्दे बिनतोड असतात. समोरच्याची वाक्यंही मीच लिहिते, त्यामुळे तो हरतोच. निकाल दर वेळी माझ्या बाजूने लागतो, आणि तरीही दुसऱ्या रात्री तोच खटला पुन्हा बोर्डावर येतो.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाची सुरुवात असलेली आठ धन्यवचनं मी लहानपणापासून ऐकत आले. ‘जे आत्म्याने दीन ते धन्य, कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे’ इथून सुरुवात होते आणि मग शोक करणारे, सौम्य, नीतिमत्त्वाचे भुकेले-तान्हेले, दयाळू, अंतःकरणाचे शुद्ध, शांती करणारे, छळ सोसणारे असे सगळे ओळीने येतात. पाठांतर इतकं पक्कं, की अर्थाकडे लक्ष जाण्याआधीच ओळ संपलेली असते. ती चांगल्या माणसाची लक्षणं आहेत आणि ती अंगी बाणवली की देव आशीर्वाद देतो, असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते. आता मला तसं वाटत नाही. या आठही वचनांत मला एकच गोष्ट दिसते: आपलं वकीलपत्र आपणच घेणं सोडलेली माणसं.

हे प्रवचन सुरू होण्याआधीची दोन-तीन वाक्यं उपासनेत सहसा कुणी वाचून दाखवत नाही, कारण ती चौथ्या अध्यायाच्या शेपटाला आहेत. तिथे येशूभोवती जमलेली गर्दी कोणाची होती ते दिलंय. नाना रोगांनी पिडलेले, भूतग्रस्त, फेफरेकरी, पक्षाघाती. गालीलातून, दकापलीसमधून, यरुशलेमेहून, यहूदीयातून, यार्देनेच्या पलीकडून आलेले. ज्यांना आणून ठेवावं लागलं असे लोक. त्या समुदायाकडे पाहून तो डोंगरावर चढतो, गुरूने बसावं तसा खाली बसतो, आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘धन्य’. अजून एकही आज्ञा झालेली नाही. शत्रूवर प्रीती करा, दुसरा गाल पुढे करा, उद्याची चिंता करू नका, हे सगळं नंतर येतं. दहा आज्ञांच्या बाबतीतही असंच आहे. ‘तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं तो मी’ हे आधी, आणि ‘खून करू नको’ हे नंतर. आधी देणं, मग मागणं. हा क्रम उलटा केला की धन्यवचनं प्रवेशपरीक्षेसारखी वाटायला लागतात, आणि तीही अशी की जिच्यात कुणीच पास होत नाही.

गालील सरोवराच्या उत्तर काठावर ज्या टेकडीला आज धन्यवचनांचा डोंगर म्हणतात, तिथे 1938 साली बांधलेलं चर्च अष्टकोनी आहे. अंतोनियो बार्लुझी या इटालियन वास्तुरचनाकाराने एका वचनाला एक बाजू दिली. चौथ्या शतकातला बिशप, निसाचा ग्रेगरी, याने या वचनांवर आठ प्रवचनं दिली आणि त्यांत त्याला एकावर एक चढत जाणाऱ्या पायऱ्या दिसल्या. मोठा माणूस, पण इथे माझं त्याच्याशी जमत नाही. पायऱ्या म्हटल्या की आपण कितव्या पायरीवर आहोत हे बघणं आलं, आणि खालच्या पायरीवर कोण आहे तेही. मला ती आठ खिडक्यांमधून दिसणारी एकच खोली वाटते.

पहिली खिडकी लावदिकीया या शहराकडे उघडते. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात त्या शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पत्र आहे. ‘मी श्रीमंत आहे, मला कशाची उणीव नाही’ असं म्हणणाऱ्या मंडळीला त्यात सांगितलंय की तू कष्टी, दीन, दरिद्री, आंधळा आणि उघडा आहेस. हे शहर खरंच श्रीमंत होतं. इ.स. 60 च्या सुमारास तिथे भूकंप झाला, शहर कोसळलं, आणि रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंद करून ठेवलीय की लावदिकीया रोमची मदत न घेता स्वतःच्या बळावर पुन्हा उभी राहिली. कौतुकाचीच गोष्ट आहे ही. पण ‘आम्ही कुणाचं काही घेतलं नाही’ हे वाक्य एकदा जिभेवर बसलं की ते प्रार्थनेतही उतरतं. आत्म्याने दीन असणं म्हणजे स्वतःला कमी लेखणं नव्हे. ‘माझ्यात काहीच नाही हो’ असं चारचौघांत म्हणणारा माणूस बऱ्याचदा तुमच्याकडून ‘छे छे, असं कसं’ ऐकायला थांबलेला असतो. दीन माणूस नुसता हात पुढे करतो. आपण मागायला कसे पात्र आहोत, हे पटवून देत बसत नाही.

दुसऱ्या एका शुभवर्तमानाचा लेखक लूक याने हीच गोष्ट जास्त उघडपणे लिहिलीय. त्याच्याकडे चारच धन्यता आहेत आणि त्यांच्यासमोर चार हाय हाय. तिथे ‘आत्म्याने’ हा शब्दच नाही. दीन म्हणजे सरळ दीन, भुकेले म्हणजे आत्ता भुकेले. आणि पुढे, जे आता तृप्त आहेत त्यांची खैर नाही. मत्तय वाचताना लूक शेजारी उघडा ठेवावा, नाहीतर पोट भरलेल्या माणसाला आपण ‘आत्म्याने’ दीन आहोत असं समजून निवांत राहणं फार सोपं जातं.

शोक करणाऱ्यांबद्दल मी फार बोलणार नाही. माझी आई गेली तेव्हा घरी आलेल्या बहुतेकांनी मला कारणं दिली. तिचे हाल संपले, देवाची योजना असते, ती आता चांगल्या ठिकाणी आहे. सगळं खरं असेल. एक बाई मात्र आल्या, मोरीत साचलेले कप विसळून पालथे घातले, फडकं पिळून वाळत टाकलं आणि माझ्या बाजूला बसून मनसोक्त रडल्या. त्या देवाची बाजू मांडायला आल्याच नव्हत्या. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात लाजार या मेलेल्या मित्राच्या कबरेकडे निघालेला येशू रडतो, आणि पुढच्या काही क्षणांत आपण त्याला उठवणार आहोत हे त्याला माहीत असतं. उत्तर हातात असूनही तो आधी रडतो. लाजाराच्या बहिणी मार्था आणि मरिया दोघीही त्याला तेच वाक्य ऐकवतात: प्रभू, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. या सरळसरळ आरोपावर तो आपण उशिरा का आलो याचा खुलासा देत नाही.

सौम्यतेपाशी मला जास्त रेंगाळावंसं वाटतं, कारण या शब्दाचं फार नुकसान झालंय. सौम्य म्हटलं की मऊ बोलणारा, मान खाली घालून राहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण पवित्र शास्त्रात ‘भूतलावरच्या सर्व माणसांपेक्षा नम्र’ असं ज्याच्याविषयी म्हटलंय तो मोशे आहे, इस्राएल लोकांना मिसरच्या दास्यातून बाहेर काढणारा. मिसरचा राजा फारो याच्यासमोर उभा राहून ‘माझ्या लोकांना जाऊ दे’ म्हणणारा. लोकांनी पूजेसाठी केलेलं सोन्याचं वासरू पाहून ज्याने दहा आज्ञांच्या दगडी पाट्या आपटून फोडल्या, वासरू जाळून त्याचा भुगा केला आणि तो पाण्यात टाकून लोकांना प्यायला लावला, तोच. याला नम्र म्हणायचं?

हे वाक्य बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात कुठल्या जागी येतं ते बघण्यासारखं आहे. मोशेची सख्खी भावंडं, मिर्याम आणि अहरोन, त्याच्या कूशी, म्हणजे परक्या वंशाच्या, बायकोवरून त्याला नावं ठेवतात आणि मग खरं दुखणं बाहेर येतं: परमेश्वर काय फक्त मोशेशीच बोलतो, आमच्याशी नाही बोलत? घरातलं भांडण असंच असतं. विषय बायकोचा, राग मानपानाचा. आणि याच ठिकाणी, मोशेने काही उत्तर देण्याच्या जागी, तो किती नम्र होता ते वाक्य येतं. मोशे स्वतःसाठी चकार शब्द काढत नाही. परमेश्वरच तिघांना बोलावतो, परमेश्वरच बोलतो. मिर्यामला कोड फुटतं. तेव्हा मोशेचं तोंड उघडतं, ते तिच्यासाठी: हे देवा, हिला बरं कर. सात दिवस ती छावणीबाहेर राहते आणि तेवढे दिवस सगळा समाज मुक्काम हलवत नाही, तिच्यासाठी थांबतो.

वासराच्या प्रसंगी देवाच्या मानासाठी तो पेटून उठला होता. स्वतःच्या मानाचा प्रश्न आला तेव्हा गप्प राहिला. त्याच वासराच्या प्रकरणात, राग ओसरल्यावर तो देवाला म्हणतो की यांच्या पापाची क्षमा कर, आणि करायची नसेल तर तुझ्या पुस्तकातून माझंच नाव खोड. या माणसात ताकद भरपूर आहे, फक्त ती स्वतःच्या बचावावर खर्च होत नाही. ‘सौम्य ते पृथ्वीचे वतन भोगतील’ हे वचन ज्यावरून घेतलंय त्या सदतिसाव्या स्तोत्रात पहिल्या आठ ओवींत तीनदा एकच गोष्ट बजावलीय: जळफळू नको. वतन बळकावणारे समोर दिसत असताना जळफळू नको म्हणणं सोपं नाही. स्तोत्रकर्त्यालाही ते स्वतःला तीनदा सांगावं लागलं असावं.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. 1887 साली जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने लिहिलं की दुबळ्या माणसांनी आपल्या लाचारीलाच सद्गुणाचं नाव दिलं. सूड घेता येत नाही म्हणून क्षमा, प्रतिकार करता येत नाही म्हणून सौम्यता. मला हा आरोप फेटाळून लावता येत नाही, कारण या वचनांचा तसा वापर झालेला आहे. मालकाने नोकराला, नवऱ्याने मार खाणाऱ्या बायकोला, सत्तेने रयतेला ‘सौम्य ते धन्य’ ऐकवलेलं आहे. माझं मत सांगायचं तर धन्यवचनं दुसऱ्याला उपदेश म्हणून ऐकवू नयेत. विशेषतः ज्याच्यावर आपला हात वर आहे त्याला तर नाहीच. ती स्वतःच्या बाबतीत ऐकायची आहेत.

आणि येशू स्वतः लाचार नव्हता. मुख्य याजकासमोर उभं असताना एक शिपाई त्याला थोबाडीत मारतो, तेव्हा तो म्हणतो, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, चांगलं बोललो असेन तर मला का मारतोस? हा गाल पुढे करायला सांगणारा माणूस आहे. त्याने गाल मागे घेतलेला नाही, पण अन्यायाला अन्यायही म्हटलंय. त्याचा प्रेषित पौल याने तर रोमन नागरिकत्वाचा हक्क बजावला आणि थेट कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली. म्हणजे न्याय मागायला बंदी नाही. चौथं वचन तर न्यायाची भूक असणाऱ्यांनाच धन्य म्हणतं. मग फरक कुठे? मला वाटतं, भूक कशाची आहे त्यात. मी बरोबर होते हे सगळ्यांना कळावं, ही एक भूक. जे बरोबर आहे ते व्हावं, मग त्यात माझं नाव येवो न येवो, ही दुसरी. पहिली कितीही खायला घातलं तरी भागत नाही. तृप्त होण्याचं वचन दुसरीलाच दिलंय.

दयेचा हिशेब येशूने एकदा आकड्यांत मांडून दाखवलाय. मत्तयच्या अठराव्या अध्यायातल्या दासाचं राजाला दहा हजार तालान्त देणं असतं. एक तालान्त म्हणजे सुमारे 6,000 देनारी, आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसाची मजुरी एक देनारी दिलीय. म्हणजे कर्ज झालं 6 कोटी दिवसांच्या मजुरीचं. वर्षाचे 300 दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. तरी हा गडी म्हणतो, ‘मला सांभाळून घ्या, मी सगळं फेडीन.’ कर्ज माफ होतं आणि बाहेर पडताच तो एका सोबतीचा गळा धरतो, ज्याच्याकडून त्याला शंभर देनारी यायची असतात.

प्रवचनांत बरेचदा ती शंभर देनारी चिल्लर असल्यासारखी सांगतात. पण ती शंभर दिवसांची मजुरी आहे. तीन महिन्यांहून जास्त दिवस राबून मिळवलेले पैसे कुणी बुडवले तर आपण चिल्लर म्हणू का? येशूला माहीत होतं की आपल्याला जे दुखतं ते खरंच दुखतं. दयाळू माणसाची येणी खोटी नसतात. वहीतली नोंद बरोबर असते, तारीख बरोबर असते, रक्कम बरोबर असते, आणि तरी तो वही मिटतो. मला हा दाखला फार आवडतो आणि फार छळतो, कारण ‘मी फेडीन’ म्हणणारा दास मला चांगलाच ओळखीचा आहे. माफी मिळाली हे त्याला पटलेलंच नाही. दोन लाख वर्षांचं कर्ज फेडायला तो शंभर देनारींपासून वसुली सुरू करतो.

अंतःकरणाच्या शुद्धतेवर मोठमोठे ग्रंथ आहेत, पण येशूने पुढच्याच अध्यायात दानधर्म, प्रार्थना आणि उपास अशी तीन उदाहरणं देऊन तो विषय संपवलाय. तिन्हींत चूक एकच: कुणीतरी बघतंय म्हणून करणं. आणि तोडगाही विचित्र, डाव्या हाताला कळू देऊ नको उजवा काय करतो ते. म्हणजे प्रेक्षकांच्या यादीतून लोकांना तर वगळायचंच, शेवटी स्वतःलाही वगळायचं. हे ठरवून कसं करणार? मी नम्र झाले का असं वाकून बघितलं की बघणारी मी पुन्हा तिथे हजर. मला वाटतं म्हणूनच या वचनात बक्षीस म्हणून देवाला पाहणं आहे. नजर एका वेळी एकाच दिशेला राहते.

शांती करणाऱ्यांना देवाचे पुत्र म्हणतील, हे ऐकताना त्या डोंगरावरच्या लोकांना काय वाटलं असेल? त्यांच्या हातांतून जाणाऱ्या चांदीच्या नाण्यावर तिबिर्य कैसराचा मुखवटा होता आणि भोवती ‘दैवी ऑगस्टसचा पुत्र’ अशी अक्षरं. रोमचीही शांती होतीच, भाल्याच्या टोकावर टेकवलेली. त्या शांतीच्या धन्याची पदवी येशू कुणाला देऊन टाकतो, तर समेट करायला जाणाऱ्या साध्या माणसाला. थोडं पुढे तो म्हणतो, वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. वेदी यरुशलेमेत, ऐकणारे बरेचसे गालीलातले, आणि मध्ये साधारण तीन दिवसांची पायी वाट. रांगेत शेवटी नंबर लागलाय, हातात अर्पण आहे, आणि आता उलट तीन दिवस चालायचं. तेही कशासाठी? राग त्याच्या मनात आहे, माझ्या मनात नाही. फिर्यादी तो आहे. लगेच पुढचं वाक्य तर थेट कोर्टाचंच आहे: वाटेवर असतानाच वादीशी समेट कर. म्हणजे माझी बाजू कितीही भक्कम असली तरी ती न्यायाधीशासमोर मांडायची वेळच येऊ द्यायची नाही.

छळाचं वचन मी नेहमी जपून वाचते. ‘नीतिमत्त्वाकरता’ आणि पुढच्या ओळीतलं ‘लबाडीने’ ही दोन्ही तिथे मुद्दाम आहेत. आपल्या आगाऊपणामुळे झालेला विरोध छळाच्या खात्यात टाकायची सवय धार्मिक माणसांना फार असते. पण खरी माणसंही असतात. डोंगरावरच्या प्रवचनावर 1937 साली पुस्तक लिहिणाऱ्या डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाला नाझींनी 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी दिलं. युरोपातलं युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता. अशा माणसाला धन्य म्हणताना आवाज जरा खालीच येतो.

मग हे आपल्यात घडतंय की नाही, हे ओळखायचं कसं? याचं उत्तर शोधताना मी लूकच्या अठराव्या अध्यायातल्या त्या दोघांपाशी येते. मंदिरात प्रार्थनेला गेलेला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, देवासमोर नीट बाजू मांडतो: आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या उत्पन्नाचा दहावा भाग, आणि वर ‘या जकातदारासारखा मी नाही’ अशी तुलना. त्याचा एकही मुद्दा खोटा नाही. जकातदार, म्हणजे रोमसाठी कर वसूल करणारा आणि म्हणून लोकांच्या तिरस्काराचा धनी, लांब उभा राहतो, डोळे वर न करता छाती बडवत म्हणतो, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ त्याच्या धंद्याबद्दल सांगण्यासारखी कारणं त्याच्याकडेही असणारच. एकही सांगत नाही.

येशू म्हणतो, त्या दुसऱ्यापेक्षा हा नीतिमान ठरून घरी गेला. पण हे तो सांगतो ऐकायला बसलेल्या लोकांना. निकाल त्याच्या बाजूने लागलाय, हे जकातदाराला कुणी कळवल्याचं गोष्टीत कुठेही नाही. तो आला तसाच, आपण पापी आहोत हे मनात घेऊन, रस्त्याला लागला असेल. त्याला ते कळलं असतं, तर पुढच्या वेळी मंदिरात तो कुठे उभा राहिला असता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.